पिशवीत जागा राहणारा लॅपटॉप

टायरच्या दुकानापुढे फुटपाथ संपतो आणि गोदामांची लांबच लांब भिंत सुरू होते, तिथे भिंगरी पुन्हा थांबली. खांद्यावरची पिशवी तिने पोटाशी ओढली, चेन अर्धी उघडली आणि आत हात घातला. तापलेल्या पोराच्या कपाळाला आईने हात लावावा, तसा.

"वहिनी, बघ गं. मला भास होतोय का?"

वहिनीने रुमालाने हात कोरडा केला आणि पिशवीत घातला. लॅपटॉपचं झाकण मिटलेलं होतं, पण अंग कढत होतं. आतून बारीक घूं घूं पण चालू होतं.

"भास कसला? चार कपडे इस्त्री करून होतील यावर."

"म्हणजे जागा झाला मेला."

"मेला म्हणतेस आणि जागा झाला म्हणतेस. एक काहीतरी ठरव."

भिंगरी हसली नाही. एरवी असल्या बोलण्यावर ती भर रस्त्यात टाळी द्यायची. आज तिने चेन ओढली, पिशवी खांद्यावर भिरकावली आणि चालू लागली. वहिनीला मागून पळावं लागलं.

भिंगरी म्हणजे वहिनीची नणंद, नवऱ्याची पाठची बहीण. नाव दादानेच, म्हणजे वहिनीच्या नवऱ्यानेच, पाडलेलं. लहानपणी ही एका जागी बसून घासभर जेवली असेल तर शपथ. आता केस पिकायला लागले, चष्मा लागला, पण पायाची भिंगरी काही सुटली नाही. त्यातून हिला गाडी लागते. बसमध्ये बसली की दुसऱ्या थांब्याला चेहरा पांढराफटक, आणि उतरल्यावर बराच वेळ हाताला कापरं. ज्या बाईचं पोट बोटांवर चालतं तिला हाताचं कापरं परवडत नाही. म्हणून ही जाईल तिथे चालत जाते.

आज दोघी निघाल्या होत्या घरापासून तंत्रशाळेच्या कचेरीपर्यंत. काम उद्याचं होतं. आजची नुसती रंगीत तालीम. उद्याचाच रस्ता, उद्याचीच पिशवी, उद्याचाच लॅपटॉप. घरून भरलेल्या बॅटरीने निघायचं आणि शाळेच्या फाटकाशी पोचून बघायचं, किती उरते.

उद्याचं काम दादाचं होतं. दादा त्या शाळेत सुतारकामाची कार्यशाळा चालवतो. लाकूड, रंधा, करवतीचं मशीन यांत त्याचं आयुष्य गेलं. कान हळूहळू जात होते, कागदावरची शाई पुसट होत जावी तसे, आणि गेल्या वर्षात जवळजवळ गेलेच. कानात यंत्र आहे, पण ते एकाशी एक बोलताना कामाचं. चार जण एका खोलीत बोलायला लागले की त्या यंत्रातून नुसता गलका येतो. अशा वेळी भिंगरी त्याच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसते आणि जो जे बोलेल ते टाइप करते, आणि दादा वाचतो. समोरचा पुढचा श्वास घेईपर्यंत मागचं वाक्य पडद्यावर हजर. आता तर दादाच्या ओळखीतून आणखी कमी ऐकू येणारी माणसं तिला बोलावतात. कोणाला डॉक्टरकडे जायचं असतं, कोणाला मुलीच्या लग्नाची बोलणी करायची असतात.

शाळेने एक समिती नेमली होती. दादाला कार्यशाळेत ठेवायचं की स्टोअरमध्ये बसवायचं, एवढंच तिने ठरवायचं होतं. "खिळे मोजायला पाठवतायत मला," असं दादा म्हणायचा आणि मग दिवसभर बोलायचा नाही.

पहिली बैठक झाली तेव्हा वहिनी घरीच होती आणि भिंगरी चालतच गेली होती. तिथे जाऊन झाकण उघडलं, तर बॅटरीच्या चित्रात तळाशी लाल रेघ. प्लग होता एकच, साहेबांच्या भल्यामोठ्या कपाटामागे. चार ओळी टाइप झाल्या आणि पडदा काळा. पुढे दादा लोकांची तोंडं बघत बसला. न ऐकू येणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. समोरचा बोलून थांबला आणि आपल्याकडे बघायला लागला की तो मान हलवतो. पुन्हा विचारायची लाज वाटते ना. कोणीतरी विचारलं, स्टोअरला तुमची हरकत नाही ना? दादाने मान हलवली. भिंगरीने फक्त लिहायचं, मध्ये बोलायचं नाही, असं ठरलेलं. कागदावर आलं, मान्य.

ते 'मान्य' मागे घ्यायला काय काय करावं लागलं, ते वहिनीलाच ठाऊक. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, ठीक आहे, पुन्हा एकदा बसू, पण ते शेवटचं.

वहिनीच्या मनाला तेव्हापासून एकच गोष्ट टोचत होती. दादाकडे उत्तर तयार होतं. किती तरी संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर वायर आणि बल्ब घेऊन बसला होता. प्रत्येक बाकापाशी एक बटण लावायचं, ते दाबलं की मशीनवर डोळ्यांसमोर लाल दिवा लागणार आणि करवत तिथल्या तिथे थांबणार. पोरांना ओरडायची गरजच नाही. वहिनी ओट्यापाशी बटण दाबायची आणि बाहेरच्या खोलीतून हा ओरडायचा, "लागला! लागला!" इतक्या मोठ्याने, की शेजारचा दार उघडून विचारायचा, काय लागलं? एवढं सगळं करून माणूस बैठकीत त्याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता. विचारलं तर म्हणाला, "विषयच निघाला नाही."

"सावकाश चाल गं," वहिनी मागून म्हणाली. "उद्या मी पोचेन तेव्हा बैठक संपलेली असेल."

"सावकाश चालले तर मला विचार येतात."

"आणि भरभर चाललीस तर?"

"तर ते मागे राहतात, तुझ्यासारखे."

लॅपटॉपचं हे दुखणं फार जुनं नव्हतं. एका सकाळी त्याने आपल्या मनानेच स्वतःला नवं करून घेतलं. पडद्यावर गोल फिरत राहिलं, बंद करू नका अशी विनंती आली, आणि चहा होईपर्यंत नवं रूप. चित्रं जरा गुळगुळीत झाली, एक-दोन बटणं इकडची तिकडे गेली, बाकी फरक दिसला नाही. फरक पडला तो पिशवीत. आधी झाकण मिटलं की तो झोपायचा, आणि जाऊन उघडलं की होता तिथून पुढे सुरू. आता झाकण मिटूनही कुठेतरी वाटेत जागा व्हायचा आणि पिशवीच्या अंधारात एकटाच तापत, बॅटरी खात बसायचा.

दुरुस्तीवाला माणूस भला. त्याने झाकणाचं सेटिंग बघितलं, ते ठीक होतं. झोपेत असताना इंटरनेट धरून ठेवायची नवी सवय त्याला लागली होती, ती तोडली. ठरल्या वेळी उठून स्वतःची कामं करायची मुभा होती, ती काढून घेतली. बॅटरी तपासली, तीही धडधाकट. मग झाकण मिटून टेबलावर ठेवला, तर हा तान्ह्या बाळासारखा झोपलेला. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, काहीच नाही हो याला." डॉक्टरच्या दारात पाऊल टाकताच दुखणं पळावं, तसं झालं. भिंगरीने तो पिशवीत घातला, चालत घरी आणला, पुन्हा गरम.

"मग सरळ पूर्ण बंद करून ने ना," वहिनीने तेव्हाच सुचवलं होतं. त्याचाही अनुभव घेऊन झाला होता. पूर्ण बंद करून डॉक्टरकडे नेला. तिथे सुरू केला, तर राहिलेलं नवेपण त्याला तिथेच उरकायचं होतं. गोल फिरत राहिलं, डॉक्टर बोलत राहिले, दादा मान हलवत राहिला. शिवाय भिंगरीची आखूड रूपं सुरू व्हायला वेळ घेतात. तिने हजारो शब्द दोन-दोन अक्षरांत बांधून ठेवलेत, ती अक्षरं दाबली की पूर्ण शब्द उमटतो. त्यांच्याविना ती म्हणजे चाक नसलेली गाडी.

दादाने यावरही विनोद केलाच होता. "तुझा लॅपटॉप झोपायचं नाव घेत नाही आणि मला कोणी हाक मारली तरी कळत नाही. आमची अदलाबदल करा." हसला एकटाच. भिंगरी तेव्हा उठून गच्चीवर फेऱ्या मारायला गेली होती.

बस थांब्याचं बाकडं रिकामं दिसलं तशी वहिनीने तिचा दंड धरला. "बस इथे."

"वेळ जाईल."

"जाऊ दे. तू नाही बसलीस तर नको बसूस, पिशवी तरी बसू दे."

भिंगरीने लॅपटॉप काढला, उघडला, बॅटरी बघून ओठ चावला. मग झाकण मिटलं, पिशवीत घातला, पिशवी बाकड्यावर दोघींच्या मध्ये ठेवली. वहिनीने हात मांडीवर ठेवले आणि मनात देवाचं नाव घ्यायला लागली. वाट बघायची असली की ती घड्याळाकडे बघत नाही, नाव घेते. भिंगरी उठली, बसली, वेळापत्रकाचा फाटका कागद वाचला, समोरच्या दुकानाची पाटी वाचली, पायातली चप्पल काढली आणि घातली. एक बस आली आणि कोणी चढेना म्हणून ड्रायव्हर चिडून गेला.

"बघ आता," वहिनी म्हणाली.

भिंगरीने हात घातला आणि तशीच थांबली. "गार आहे."

"बघ! मी बसलेय ना शेजारी. माझ्याजवळ सगळे झोपतात. तुझे दादासुद्धा वाक्य अर्धं टाकून घोरायला लागतात."

"वहिनी, चेष्टा नको. दुरुस्तीवाल्याकडे टेबलावर गार, इथे बाकड्यावर गार. घरी कपाटात ठेवते, तिथेही गार."

"आणि चालायला लागलो की गरम."

"उन्हाने?"

"बैठकीच्या दिवशी तर ढग होते."

दोघी पुन्हा निघाल्या. आता वहिनीलाही चैन पडेना. बाईमाणसाचं डोकं एकदा का डब्यातून काय सांडतं या प्रश्नाला लागलं, की ते सांडलेलं सापडेपर्यंत थांबत नाही. गोदामांच्या भिंतीच्या टोकाशी पोचेपर्यंत पिशवी पुन्हा कोमट झाली होती.

"भिंगरे," वहिनी म्हणाली, "चालताना आपण हलतो. पिशवी हलते. मग पिशवीत काय काय हलतं ते बघ की."

"लॅपटॉप घट्ट बसलाय. किल्ल्या आहेत, पाण्याची बाटली आहे, चष्म्याचं घर."

एवढं बोलेस्तोवर त्या उड्डाणपुलाखाली आल्या. तिथे भर दिवसाही अंधार असतो आणि ओलसर वास. भिंगरी दोन पावलं पुढे होती. वहिनीचं लक्ष तिच्या पाठीवरच्या पिशवीकडे गेलं आणि ती तिथेच उभी राहिली. पिशवीच्या पुढच्या पातळ खिशातून लाल उजेड येत होता. भिंगरीच्या पावलागणिक तो उजेड थरथरत होता.

"थांब! तुझ्या पाठीवर काहीतरी पेटलंय!"

भिंगरीने अशी काही उडी मारली की पुलाखाली झोपलेलं कुत्रं उठून बसलं. पिशवी खाली. खिसा उघडला. आत माऊस होता. पोटातला लाल दिवा लावून, डोळे वटारून.

"हा?" वहिनी म्हणाली.

भिंगरी माऊसकडे बघत उकिडवी बसली. मग तिने कपाळावर असा हात मारला की चष्मा नाकावर घसरला.

लॅपटॉपवर हाताखाली जी बोट फिरवायची पाटी असते, ती तिने कायमची बंद करून ठेवलेली. भराभर टाइप करताना तळवा तिला लागतो आणि लिहिणं भलत्याच ओळीत जातं. म्हणून हा बिनवायरचा माऊस. त्याचा नखाएवढा तुकडा लॅपटॉपला कायम खोचलेला, आणि माऊस पुढच्या खिशात. चालताना तो हलायचा, आणि हलला की लॅपटॉपला वाटायचं, बाई कामाला बसल्या. आधी झोपेतल्या लॅपटॉपला उठवायची माऊसला परवानगी नव्हती. नव्या रूपाने ती परस्पर देऊन टाकली. दुरुस्तीवाल्याकडे ती लॅपटॉप नेऊन द्यायची, माऊस पिशवीत परत घेऊन यायची. टेबलावर त्याला उठवणार कोण?

"म्हणजे प्रत्येक पावलाला मीच त्याला ढोसत होते," भिंगरी म्हणाली. "ऊठ, ऊठ, ऊठ."

"आपल्याला झोप नाही, दुसऱ्याला झोपू द्यायचं नाही. जुनीच खोड तुझी."

आता मात्र भिंगरी हसली. पुलाच्या खांबाला टेकून तिने लॅपटॉप उघडला, सेटिंगच्या पोटात शिरून माऊसच्या नावासमोरची ती परवानगीची टिक काढली. तेवढ्यावर विश्वास नको म्हणून माऊसच्या पोटाखालचं बटणही बंद केलं. तेवढ्यावरही नको म्हणून तो काढून वहिनीच्या हातात दिला. "हा तुझ्याकडे. उद्या पण तूच आण."

वहिनीने माऊस आपल्या पर्समध्ये, देवाच्या छोट्या तसबिरीशेजारी ठेवला आणि मनातल्या मनात म्हणाली, याला सांभाळ रे बाबा.

पुढचा रस्ता दोघी तुकड्यातुकड्याने चालल्या. रोपवाटिकेपाशी हात लावला, गार. दवाखान्याच्या कोपऱ्यावर लावला, गार. भिंगरीने मुद्दाम पिशवी जोरजोरात हलवली, एकदा उडीही मारली. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याने वळण घेतलं. तरी गार. शाळेच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर पोचून झाकण उघडलं, तर बॅटरी पुलाखाली होती तशीच, जेमतेम एक कण कमी.

वहिनीचे डोळे भरून आले. तिने हात जोडले, नक्की कोणाच्या दिशेने ते तिलाही सांगता आलं नसतं.

"चल, झालं," ती म्हणाली. "चहा घे आणि चल घरी. त्यांना सांगू."

पण भिंगरी कुठली गप्प बसायला. लॅपटॉप टपरीच्या डुगडुगत्या टेबलावर उघडाच होता. "नाही, पूर्ण तालीम करू. तू समितीचे साहेब हो. बोल काहीतरी, मी टाइप करते. पुरेल ना तेवढा वेळ ते बघू."

"मी काय बोलू?"

"ते लोक बोलतील तसं. तोडून बोल. भीड ठेवू नकोस."

वहिनीने चहाचा कप बाजूला सारला, मान ताठ केली आणि घसा खाकरला. तिला हे आवडायला लागलं होतं. "हे बघा सुतारमास्तर, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मशीन चालू असताना पोरगं थांबवा थांबवा म्हणून ओरडलं आणि तुम्हाला ऐकूच आलं नाही, तर? त्याची बोटं उडाल्यावर तुम्ही वळून बघणार? बहिऱ्या माणसाच्या हाती आमची पोरं कशी द्यायची? तुमच्या चांगुलपणाची पूजा करायची की पोरांचे हात वाचवायचे?"

टपरीवाला चहा गाळता गाळता थांबून बघायला लागला. भिंगरीची बोटं कीबोर्डवर पाऊस पडावा तशी पडत होती, आणि वहिनी थांबली तेव्हा तीही थांबली. तिच्या तोंडावर काम झाल्याचं समाधान होतं.

वहिनीने खुर्ची वळवून पडदा वाचला.

'यंत्र चालू असताना विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत काळजी व्यक्त करण्यात आली. मास्तरांच्या चांगुलपणाचा उल्लेख झाला.'

वहिनीने पुन्हा वाचलं. मग भिंगरीकडे बघितलं.

"हे मी कुठे म्हटलं?"

"म्हणजे काय? म्हटलंस की."

"मी बोटं उडतील म्हटलं. बहिरा म्हटलं. बहिऱ्याच्या हाती पोरं कशी द्यायची म्हटलं. यात कुठे आहे?"

भिंगरीने चष्मा वर सरकवला आणि आपलंच लिहिलेलं वाचलं. एखाद्याला त्याचाच फोटो दाखवावा आणि त्याने हा कोण म्हणून विचारावं, तसा तिचा चेहरा झाला. "थांब. परत बोल. तेच."

वहिनी पुन्हा बोलली, या वेळी जरा हळू. तिलाच ते शब्द दुसऱ्यांदा उच्चारवेनात. भिंगरीने दात दाबून टाइप केलं. 'बहि' एवढं उमटलं, बोटं अडली, मागे गेली, आणि पडद्यावर आलं, 'कमी ऐकू येत असल्याने'.

"हे हातच करतायत," भिंगरी म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "वहिनी, मी नाही करत. हात करतायत."

वहिनीला उलगडलं. भिंगरीने आधी पाणीपुरवठा कचेरीत उभी हयात काढली होती, बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात. तिथले किस्से ती घरी येऊन साभिनय सांगायची. एक साहेब दुसऱ्याला म्हणाला, तुझ्या डोक्यात गाळ भरलाय, आणि हिने लिहिलं, 'सदस्यांनी अधिक स्पष्टीकरण मागितले.' कोणी टेबलावर फाइल आपटून निघून गेलं, हिने लिहिलं, 'चर्चेअंती काही सदस्य अन्य कामासाठी रवाना झाले.' सगळं घर पोट धरून हसायचं. त्यासाठीच तर तिला मान होता तिथे. तिच्या कागदात कोणी कोणाला कधी दुखावलंच नाही. भांडण आत जायचं आणि चर्चा होऊन बाहेर पडायचं. कचेरी सुटली, पण बोटांनी ती वळणं सोडली नव्हती. आणि आज त्या बोटांपुढे वाचणारा माणूस सख्खा भाऊ होता.

"त्या दिवशी," वहिनीने विचारलं, "बंद पडायच्या आधी चार ओळी झाल्या होत्या ना? काय होतं त्यात?"

भिंगरी टेबलावर पडलेला चहाचा थेंब बोटाने लांब लांब ओढत राहिली.

"सांग."

"हेच."

"हेच म्हणजे?"

"सगळ्या कार्यशाळांचे प्रमुख बोलले होते. जवळजवळ तू बोललीस तसंच. त्याहून वाईट. आणि मी लिहिलं, सुरक्षिततेबाबत काळजी. दादाने वाचलं, मान हलवली. म्हणाला, बरोबर आहे, काळजी घ्यायलाच हवी. मग लॅपटॉप गेला."

वहिनी खुर्चीत मागे टेकली. विषयच निघाला नाही, असं हा माणूस म्हणाला होता. खोटं नव्हतं ते. त्याच्यापर्यंत विषय पोचलाच नव्हता. बोटं उडतील असं त्याने वाचलं असतं, तर तो उठून उभा राहिला असता आणि म्हणाला असता, थांबा, माझ्याकडे दिवा आहे, दाखवतो. काळजीवर कोण काय बोलणार? काळजीला माणूस मानच हलवतो. सगळे इतके दिवस बॅटरीला शिव्या देत होते.

तिला राग आला, आणि लगेच तो कुठे ठेवावा ते कळेना. कारण तिच्याच पोटात एक गोष्ट होती. शब्द उच्चारताना तिची जीभ अडखळली होती. उद्या खरोखर कोणी बोललं आणि खरोखर त्यांनी वाचलं, तर त्यांचा चेहरा कसा होईल ते तिला आत्ताच दिसत होतं. असं वाटत होतं, राहू दे की थोडं गोड. म्हातारपणाकडे झुकलेला माणूस.

"मला वाटलं, गोड केलेलं तुला तरी बरं वाटेल," भिंगरी म्हणाली. जणू तिने मन वाचलं. "तू पण फोनवर कोणी काय बोललं ते दादाला सगळं सांगत नाहीस. परवा तुझा भाऊ काय म्हणाला दादाबद्दल, ते सांगितलंस?"

"तो मूर्ख आहे. त्याचं काय सांगायचं?"

"हेच. आपण सगळे चाळून देतो त्याला. पीठ चाळावं तसं. आणि मग म्हणतो, दादा बोलतच नाही हल्ली."

वहिनीच्या मनात आलं, देवाने यांचे कान नेले, ते त्याचं त्याला माहीत. पण लोक जे बोलतात ते सगळं यांच्यापर्यंत न पोचवायचं, हे देवाने कुठे सांगितलं होतं? ते आपलं आपण ठरवलं.

फाटकातून मशीनचा आवाज यायला लागला. कुठल्या तरी तासाला करवत सुरू झाली असावी. भिंगरी उठली, टेबलाभोवती एक फेरी मारली, परत बसली, परत उठली. टपरीवाला म्हणाला, "ताई, काही हरवलं का?"

"हो," भिंगरी म्हणाली. मग वहिनीकडे वळली. "जमेल मला? एका दिवसात हात बदलतील?"

"एका दिवसात कोणाचे बदलतात?"

"मग दुसऱ्या कोणाला आणायचं?"

"दुसरं कोण एवढं भराभर लिहितं? आणि ते दुसऱ्या कोणाचं वाचतील का?"

भिंगरीने लॅपटॉपचं झाकण मिटलं. या वेळी ते मिटवून तिने वर दोन्ही तळहात ठेवले आणि तशीच उभी राहिली, पहिल्यांदाच न हलता. टपरीच्या फळीवर उन्हाची तिरीप आली होती.

"वहिनी, बैठकीत दादासोबत घरचं एक माणूस चालतं. उद्या तू त्याच्या शेजारी बसू नकोस."

"मग कुठे बसू?"

"माझ्या शेजारी. पडद्यावर डोळा ठेव आणि समोर बोलतील त्यावर कान. त्यांनी म्हटलेलं मी जरा जरी गुळगुळीत केलं, तर टेबलाखालून माझ्या पायावर पाय दे. जोरात दे. मी मागे जाऊन खरा शब्द लिहीन." ती थांबली. "आणि वहिनी, दादाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही. बघितलंस तर तुझाच पाय उचलला जाणार नाही. करशील एवढं?"